एलिसेओ पुढे का धावतो

माझा भाऊ वेंडेल पोट भरतो ते पोरांकडे बघून. बेसबॉलचे खेळाडू पारखणं हा त्याचा धंदा. एका मोठ्या क्लबाने त्याला त्यासाठीच ठेवलाय. गावोगावच्या छोट्या मैदानांवर जायचं, फलंदाजाच्या मागच्या बाजूला गवती हॅट घालून बसायचं आणि कोवळ्या पोरांना आकडे द्यायचे. धावण्याला एक, फटक्याला एक, झेलणाऱ्या हातांना एक, फेकीला एक. आकडे वीसपासून ऐंशीपर्यंत. पन्नास म्हणजे बरा. शंभर कुणालाच नाही आणि शून्यही कुणाला नाही. शून्य का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "शून्यवाला मैदानापर्यंत पोचतच नाही, ट्रूडे. तो तुझ्यासारखा स्वयंपाकघरात बसून रेडिओवर ऐकतो."

मी रेडिओवर ऐकते हे खरं आहे. पण माझ्या स्वयंपाकघरात खेळाडू जेवतातही. आमच्या पोर्ट अँब्रोजमध्ये तशी पद्धत आहे. इथला क्लब या पोरांना देतो ते भाड्यालाही पुरत नाही, म्हणून उन्हाळाभर गावातली घरं त्यांना वाटून घेतात. माझा मुलगा डेन्व्हरला गेला तेव्हापासून त्याची खोली रिकामीच होती. एका वर्षी तिथे टेक्सासचा एक कॅचर, फलंदाजाच्या मागे चेंडू झेलणारा, राहिला. तो फ्रीज उघडायचा आणि उभ्याउभ्या दुधाचा कॅन संपवायचा. दुसऱ्या वर्षीचा पोरगा झोपेत इतका ओरडायचा की शेजारची मेबल एकदा काठी घेऊन आली. माझे नियम दोनच. जेवणाच्या टेबलावर ग्लोव्ह ठेवायचा नाही, आणि हरून आलं तरी ताटात वाढलेलं संपवायचं.

यंदा माझ्याकडे एलिसेओ होता. निकाराग्वाचा. सोळाव्या वर्षी क्लबाने उचललेला, आता एकोणिसावं. तो मला दोन्या ट्रूडी म्हणायचा. त्यांच्याकडे मोठ्या बाईला तसं म्हणतात. पहिल्या आठवड्यातच त्याने माझ्या शेगडीचा ताबा घेतला, आदल्या दिवशीचा भात आणि घेवडा कांद्यावर परतला, आणि मला सांगितलं, "तुमचं जेवण चांगलं आहे, दोन्या. फक्त त्याला चव नाही."

तो शॉर्टस्टॉप होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावत गाठायच्या टप्प्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेचा राखणदार. जमिनीवरून येणारे सगळ्यात जास्त चेंडू तिथेच येतात. तिथून पहिल्या बेसपर्यंतची फेक लांब पडते, आणि फटका मारणारा तिथे धावत पोचायच्या आत चेंडू पोचवावा लागतो. म्हणून या जागेवरच्या पोराचे पाय बघतात, हात बघतात, पण शेवटी सगळं येऊन थांबतं ते फेकीवर. फेक गेली की त्याला हलवतात दुसऱ्या जागेवर, नाहीतर घरी.

जूनच्या सुरुवातीला माझ्या लक्षात आलं की हा पोरगा डाव्या हाताने घेवडा ढवळतोय. मग गाडीचं दार डाव्या हाताने, अंगावरून आडवा वाकून, बंद करायला लागला. भांग डाव्या हाताने पाडायला लागला, आणि तो वाकडा पडायला लागला. मी म्हटलं, असेल काही. आपण एखाद्या पोराला बारकाईने बघायला लागलो की त्याचं सगळंच संशयास्पद वाटतं. मग एका दुपारी मी बाजारातून लवकर परतले तर हा जिन्यात बसलेला, उजव्या कोपरावर माझ्या फ्रीजरमधली गोठलेल्या मटारची पिशवी धरून.

"क्लबात बर्फ संपला का?" मी विचारलं.

"क्लबात बर्फ कोण घेतो ते ट्रेनर बघतो," तो म्हणाला; ट्रेनर म्हणजे पोरांची दुखणीखुपणी बघणारा. आणि मग पिशवीकडे बघत, "कुणाला सांगू नका, दोन्या. आठ दिवसांत जाईल. झोपेत हात अंगाखाली आला."

मी नाही सांगणार म्हटलं. मटार फ्रीजरच्या मागच्या बाजूला ठेवायला सुरुवात केली, म्हणजे चुकून भाजीत पडायला नकोत. आठ दिवसांत काही गेलं नाही. पण मैदानावर तो चांगलाच खेळत होता. चांगला म्हणजे इतका की रेडिओवाला त्याचं नाव घ्यायला शिकला.

जुलैच्या मध्यावर वेंडेल आला. त्याच्या क्लबाला शॉर्टस्टॉप हवा होता आणि आमच्या क्लबाशी खेळाडूंच्या अदलाबदलीचं बोलणं चाललं होतं. महिनाअखेरपर्यंतच ती करता येते. एलिसेओच्या पुढे इथे दोन महागडे शॉर्टस्टॉप होते. वेंडेलच्या क्लबात पुढे कुणीच नव्हतं. म्हणजे वेंडेलने हो लिहिलं तर हा पोरगा दोन वर्षांत मोठ्या मैदानावर दिसू शकत होता. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने बघायचे आणि मत पाठवायचं, एवढंच काम.

वेंडेल एरवी माझ्याकडेच उतरतो. या वेळी नदीकाठच्या मोटेलात उतरला. ज्याला तोलायचं त्याच्याच टेबलावर जेवायचं नाही, हा त्याचा नियम. पण शनिवारी सकाळी पोरगा मैदानावर गेल्यावर मागच्या ओट्यावर येऊन बसला, कॉफी घेतली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला कळलं, आता मी बहीण नाही, कामाचा भाग आहे. पोरं ज्यांच्या घरी राहतात त्या बायकांनाही हे लोक विचारतात. पोराची घडण कशी आहे ते मैदानावर अर्धंच कळतं म्हणे.

"उठतो का वेळेवर?"

"माझ्या आधी."

"पैसे उडवतो?"

"कुठले?"

"घरी फोन?"

"दर रविवारी. आईशी बोलताना उभा राहून बोलतो."

हे त्याला आवडलं. "हरल्यावर?"

"जेवतो. बोलत नाही. भांडी घासतो."

"आणखी काही?"

मी कॉफीत चमचा फिरवला. माझ्या कॉफीत साखर नव्हती. "उष्टं टाकत नाही," मी म्हटलं.

वेंडेल हॅट गुडघ्यावर ठेवून मागे रेलला. इतका खूश मी त्याला बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. त्याच्या क्लबाने गेल्या हिवाळ्यात त्याच्या वयाच्या बऱ्याच लोकांना घरी पाठवलं होतं, आणि त्याने सुचवलेलं शेवटचं नाव वर चढलं त्याला जमाना झाला होता. "तुला सांगतो, ट्रूडे," तो म्हणाला, "हा पोरगा चेंडूची वाट बघत नाही. बाकीचे मागे उभे राहतात, उसळी पोटाशी यायची वाट बघतात. हा पुढे धावतो. प्रत्येक चेंडूवर. अगदी साध्या चेंडूवरसुद्धा. हे शिकवता येत नाही. वसंतात बघितला तेव्हा नव्हतं हे त्याच्यात. मधल्या काळात काय झालं कुणास ठाऊक, पोरगा मोठा झाला."

मी चमचा बशीत ठेवला.

पुढे धावून चेंडू घेतला की पहिला बेस जवळ येतो. फेक आखूड होते. एवढं माझ्यासारख्या रेडिओवालीलाही कळतं. पण मला ते त्याच क्षणी कळलं, आधी नाही. मीसुद्धा त्या धावण्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

"आणि फेक?" मी विचारलं. आवाज साधा ठेवला.

"साठ."

"काल बघितलीस?"

"काल त्याला लांब फेकायची वेळच आली नाही. वसंतात साठ होती. जे बघायला मिळत नाही त्याचा मागचा आकडा पुढे ओढायचा. सगळे तसंच करतात."

"म्हणजे गेल्या वर्षीचं लोणचं चाखून यंदाचं बक्षीस."

वेंडेल खूप हसला. जत्रेत लोणच्याच्या स्पर्धेला मी परीक्षक असते आणि त्याला त्याचं नेहमीच हसू येतं. "फेक काही आंबत नाही गं," म्हणाला, आणि माझ्या हातचा टोस्ट न खाता गेला, नियम म्हणून.

मी कप धुतले. धुतलेले परत धुतले. मी गप्प राहिले तर पोराचं नशीब उघडत होतं. आणि मी गप्प राहिले तर तो त्याच कोपराने खेळत राहणार होता, आमच्या मैदानावर किंवा त्यांच्या. दोन्ही गोष्टी एकाच गप्प राहण्यात होत्या, आणि त्या वेगळ्या काढता येत नव्हत्या.

रविवारचा सामना दुपारी असतो. माझी नेहमीची जागा तिसऱ्या बेसच्या बाजूला, मेबलबरोबर. पण वेंडेलने हात केला. "ये इथे. या बाजूने बघ एकदा, काय दिसतं ते." जाऊ नये असं वाटत होतं आणि न जाण्याला कारण नव्हतं. मी जाऊन बसले. ऊन होतं. त्याने मला शेंगदाण्यांची पुडी दिली, लहानपणी द्यायचा तशी, आधी थोडे स्वतः काढून घेऊन.

त्या बाजूने एलिसेओ वेगळाच दिसत होता. लहान दिसत होता. चेंडू फेकला जायच्या आधी पायांच्या बोटांवर उभा राहायचा आणि एक पाऊल पुढे सरकायचा. दर वेळी. वेंडेल माझ्या कानाशी, "बघ, बघ," म्हणायचा. दोन साधे चेंडू आले. दोन्ही त्याने धावत घेतले आणि धावता धावताच हात खालून फिरवून, कमरेपासून, सोडले. लोक ओरडले. "संगीत आहे," वेंडेल म्हणाला. मी शेंगदाणे सोलत होते आणि सोललेले परत पुडीत टाकत होते.

सामना संपत आला तेव्हा एका दांडग्या पोराने चेंडू जमिनीलगत झोडपला, एलिसेओच्या उजव्या अंगाला, तिसऱ्या बेसकडच्या फटीत. त्यावर पुढे धावता येत नाही. त्यावर मागेच जावं लागतं. तो आडवा धावला, ग्लोव्ह उलटा करून हात लांबवला आणि पार मागच्या गवतात चेंडू अडवला. पाय रोवले. तिथून पहिला बेस म्हणजे पलीकडचं गाव. त्याचा उजवा हात वर गेला.

तो हात वर थांबला. फेकायचं की नाही, त्याने अजून ठरवलेलं नव्हतं, ते दिसत होतं. मग त्याने हात खाली घेतला, चेंडू पोटाशी धरला. धावणारा बेसवर पोचला. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. एक तर अडवलाच कसा, आणि उगाच वेडीवाकडी फेक करून आणखी नुकसान केलं नाही, केवढं डोकं आहे पोराला. आमच्या मागचा माणूस तसं मोठ्याने म्हणालासुद्धा.

वेंडेलने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो मैदानाकडे बघतच नव्हता. माझा हात त्याच्या मनगटावर होता आणि मी ते इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे पांढरे ठसे उमटले होते. केव्हा धरलं ते मला माहीत नाही. पोराने पाय रोवले तेव्हाच धरलं असणार, हात वर जायच्या आधी.

"केव्हापासून?" वेंडेल म्हणाला.

"काय केव्हापासून?"

"ट्रूडे."

मी हात काढून घेतला. शेंगदाण्याची टरफलं मांडीवरून झटकली. त्याने तेवढ्यावरून सगळं वाचलं. लोकांना वाचायचाच पगार घेतो तो.

"म्हणून पुढे धावतो," तो म्हणाला. मग हॅट काढली, आतली घामाची पट्टी पुसली, परत घातली. "मी ह्याला सत्तर देणार होतो. त्या धावण्याला. सत्तर मी कुणाला देत नाही."

"आता काय लिहिशील?"

"घेऊ नका."

"कारण?"

"फेक बघितली नाही, शंका आहे. एवढं पुरतं."

"आणि त्याच्या क्लबाला कोण सांगणार?"

"ते माझं काम नाही. मी सांगितलं तर म्हणतील, भाव पाडायला आलाय." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "एक दिवस असाच चेंडू येईल आणि त्यावर सामना अडलेला असेल. त्या दिवशी हा धरून ठेवणार नाही. फेकणार. या वयाचे फेकतातच."

"मग कुणाचं काम आहे ते?"

वेंडेल उठला. शेवटचे फटके न बघता तो उठलेला मी पहिल्यांदाच पाहिला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ ठेवला, आणि गेला.

एलिसेओ संध्याकाळी उजेड असतानाच घरी आला. मी मक्याची कणसं उकडली होती. तो बसला, डाव्या हातात कणीस घेतलं. मी त्याला खायला दिलं आधी. रिकाम्या पोटी असलं काही ऐकवू नये.

"वेंडेलला कळलं," मी म्हटलं.

त्याने कणीस खाली ठेवलं. "तुम्ही सांगितलंत."

"मी तोंड उघडलं नाही."

"तुमच्या भावाला तोंड लागत नाही, दोन्या." तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आज तो तुमच्याकडे बघत होता. मला वाटलं माझ्याकडे बघतोय."

"चुकून झालं रे. तू मागे पाय रोवलेस, आणि मी..."

"मी फेकला नाही! फेकला नाही ना? कुणाला काही कळलं नसतं."

ते खरं होतं. मी लोण्याची बशी त्याच्याकडे सरकवली. त्याने ती परत सरकवली.

"उद्या ट्रेनरकडे जाऊ," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत नाही काय होतं ते." तो आता हळू बोलत होता, लहान मुलाला समजावून सांगावं तसं. "ज्याच्यावर त्यांनी ढीगभर पैसे लावले, त्याचा हात ते कापतात, शिवतात, वर्षभर थांबतात. माझ्यावर काही लावलेलं नाही. माझ्यासारख्याला विमानाचं तिकीट देतात. मागच्या वर्षी माझ्याच खोलीतला पोरगा असाच गेला. सकाळी त्याचा पलंग होता, दुपारी चादर नव्हती."

"कदाचित तसं होणार नाही."

"कदाचित," तो म्हणाला.

"मला माहीत नाही, एलिसेओ. मी वचन देऊ शकत नाही."

"मग कशाला नेताय?"

मी माझं कणीस ताटात ठेवलं. मग म्हटलं, "कारण तू एकोणीस वर्षांचा आहेस आणि डाव्या हाताने भांग पाडतोस. चेंडू पुढची दहा-पंधरा वर्षं. हात त्यानंतरही लागतो. आईला उचलायला लागतो, पोराला उचलायला लागतो, घेवडा ढवळायला लागतो."

"ते डाव्याने येतं मला."

"येतं. पण घेवडा बुडाला लागतो."

तो हसणार असं मला एक क्षण वाटलं. नाही हसला. "तुम्ही माझी आई नाही," तो म्हणाला. "ती असती तर गप्प बसली असती. तिला माहीत आहे मी का आलो ते."

हे लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. मी ताटं उचलली. "सकाळी नाश्ता झाला की मी गाडी काढणार," मी म्हटलं. "तू बसलास तर दोघं जाऊ. नाही बसलास तर एकटी जाईन. पण जाणार."

त्या दिवशी त्याने भांडी घासली नाहीत. आईला फोनही केला नाही.

सकाळी मी गाडी काढून दारात उभी केली. इंजिन चालू. मेबल तिच्या खिडकीतून बघत होती. मी तिला हात केला, तिने मला. बराच वेळ घरातून काहीच आवाज आला नाही, आणि मी मनात ट्रेनरशी बोलायची वाक्यं जुळवायला लागले. ती सगळी चहाडीसारखीच वाटत होती. मग तो बाहेर आला. चर्चला घालतो तो पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. मागच्या सीटवर बसला, टॅक्सीत बसतात तसा. मी गिअर टाकला.

मैदानाच्या मागच्या दारापाशी मी गाडी थांबवली. तो उतरला नाही.

"तुम्हीही आत चला," तो म्हणाला. "असलं काही बोलायचं झालं की माझं इंग्रजी मोडतं."

त्या दाराच्या आत मी कधी गेले नव्हते. आत मलमाचा आणि ओल्या टॉवेलांचा वास होता. ट्रेनर लायल हा तसा तरणाच माणूस, दोन लेकींचा बाप. त्याने आम्हा दोघांना बघितलं आणि हातातलं सँडविच खाली ठेवलं. "शर्ट काढ," म्हणाला. एलिसेओने गुंड्या डाव्या हाताने सोडल्या, पण उजवी बाही निघेना. मी पुढे झाले आणि ती हळूच ओढून काढली. त्याने ओढू दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

लायलने कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला आणि दाबला. पोराच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पायाची बोटं मात्र बुटात आवळली गेली, बुटाचं कातडं वर उचललं गेलं.

"केव्हापासून?"

"काल," एलिसेओ म्हणाला. "त्या चेंडूवर. मागे गवतात."

ते सोयीचं उत्तर होतं. कालचं दुखणं म्हणजे नशीब, जूनपासून लपवलेलं म्हणजे पोराची घडण वाईट. असंच धरतात हे लोक, आणि घडणीचा आकडा पुसला जात नाही. लायललाही ते उत्तर चाललं असतं, त्यालाही वर जाब द्यावा लागणार होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मुद्दाम बघितलं की सहज, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कालच्या दुखण्याला एक औषध असतं आणि जुन्याला दुसरं, एवढं मला माहीत होतं.

"जूनच्या सुरुवातीपासून," मी म्हटलं. "माझ्या घरी मटारची पिशवी लावतो."

एलिसेओने मान भिंतीकडे वळवली. स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला, एकच शब्द. तो मला कळला नाही आणि मी विचारला नाही. लायलने हात सोडला नाही. तो आता हळू दाबत होता, खाली मनगटाकडे सरकत.

"बोटांत मुंग्या येतात?"

पोराने हात मागे घ्यायला बघितला.

"हे विचारणं महत्त्वाचं आहे, एलिसेओ. नस दबली आहे का, याच्यावर पुढचं ठरतं. येतात का?"

बाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं, ते बंद पडलं, परत सुरू केलं. लायलचं सँडविच टेबलावर उघडं पडलं होतं. मी पांढऱ्या शर्टाची बाही हातात घेऊन उभी होते आणि ती सरळ करत होते. सरळच होती ती.

एलिसेओ भिंतीकडेच बघत होता. मग त्याने डावा हात आणला आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, मुठीत धरली.

"ही," तो म्हणाला. "ही दोन. झोपेतसुद्धा."